‘तुझं गाणं नंतर’ म्हणणाऱ्यांना

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात गाणं शिकणाऱ्या पोराला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. भूपाच्या बंदिशीत त्यानं एखादी जागा मनानं घेतली, किंवा हार्मोनियमवर चार ओळींना स्वतःची चाल लावून दाखवली, की कोणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘आधी शिकवलंय ते नीट येऊ दे. तुझं गाणं नंतर.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पोरगं घाई करून वाया जाऊ नये, एवढीच काळजी असते. पण काळजीपोटी दिलेला सल्लाही चुकीचा असू शकतो, आणि हा आहे. परंपरेच्या नावानं तो दिला जातो, पण परंपरेत त्याला वाटतो तेवढा आधार नाही.

आणि आमच्यासारख्या भागात तर या ‘नंतर’ला तारीखच नसते. मोठ्या शहरात पंधरा-पंधरा वर्षं एका गुरूकडे शिकणारी माणसं थोडी तरी सापडतात. इथलं पोरगं बारावी झालं की नागपूर गाठतं, तिथून पुणं नाही तर पिथमपूर. गाण्याचं शिक्षण दोन-तीन परीक्षांवर थांबतं. त्या वर्षांत गळ्याला जी सवय लागली तीच पुढं आयुष्यभर राहते, आणि नेमकी तीच वर्षं आपण दुसऱ्याचं पाठ करून घेण्यात घालवलेली असतात. चाळिशीतला तोच माणूस गणेशोत्सवात माइक हातात घेतो तेव्हा त्याला एकच गोष्ट जमते: मूळ गाण्यासारखं गाणं. लोक टाळ्या वाजवतात, ‘अगदी रफी’ म्हणतात. त्याचा स्वतःचा आवाज कसा आहे हे त्यालाही कधी कळलेलं नसतं.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलकं करून सांगत नाही. ते म्हणतात, सूर पक्का नाही, लयीचा पत्ता नाही, रागाचं चलन अंगात मुरलेलं नाही, अशा वेळी पोरानं मनाचं गायचं म्हणजे चुकांनाच सवय लावायची. भाषा येण्याआधी कविता कशी करणार? युक्तिवाद पटण्यासारखा आहे, म्हणून त्यांचंच उदाहरण पुढं नेऊ. मूल भाषा कसं शिकतं? आधी शब्दकोश पूर्ण करतं आणि मग पहिलं स्वतःचं वाक्य बोलतं, असं कोणाच्या घरी घडलंय? दोन शब्द आले की ते त्या दोन शब्दांचं वाक्य करतं, कोणी न शिकवलेलं. चुकीचं रूप वापरतं, घरचे हसतात, ते ऐकतं आणि सुधारतं. आपल्याकडची मुलं तर घरी मराठी, शाळेत हिंदी, अशी दोन भाषांतून एकाच वेळी वाट काढतात आणि दोन्ही बोलतात. गाण्यात मात्र आपण त्यांना सात-आठ वर्षं फक्त इतरांची वाक्यं म्हणायला लावतो आणि नंतर तक्रार करतो की पोरांना स्वतःचं काही सुचत नाही.

आता परंपरेकडे येऊ. जुन्या गुरूंनी एकेका रागावर शिष्याला वर्षानुवर्षं बसवलं, असे दाखले ‘नंतर’वाले आवर्जून देतात. द्यावेत. पण एका रागावर वर्षभर बसलेला शिष्य रोज करत काय असेल, हे कोणी विचारत नाही. एक बंदिश पाठ व्हायला आठवडा पुरतो. उरलेले महिने काय? त्या महिन्यांत तो तोच राग उलगडत असतो: आज या स्वरावर थांबून, उद्या त्या स्वराभोवती फिरून, परवा बंदिशीचे बोल वेगळ्या लयीत टाकून. गुरू एक आवर्तन गातो, शिष्य दुसरं भरतो, चुकतो, गुरू हात वर करून थांबवतो. मैफलीत मागं तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्यालाही गुरू मध्येच जागा देतो आणि त्यानं ती त्याच क्षणी भरायची असते. याला उपज म्हणतात, आणि ती त्या एका रागाच्या वर्षातच घडत असते. ‘एक राग बारा वर्षं’ ही गोष्ट पाठांतराच्या बाजूची साक्ष म्हणून पुढं आणणाऱ्यांनी ती कधी नीट तपासलेलीच नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. वसंतराव देशपांडे 1920 साली मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पोरवयात मामाबरोबर ते लाहोरला गेले आणि तिथं असद अली खाँकडे काही महिने फक्त मारवा शिकले. एकच राग. त्या एका मारव्यानं पुढं काय काय दिलं ते त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्याला सांगायला नको. पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून त्यांनी घेतलं, दीनानाथ मंगेशकरांचा ठसा तर लहानपणापासून होताच. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली की यांचं घराणं कोणतं? घराणं नाही म्हणून कित्येक वर्षं जाणकारांनी त्यांना बाजूला ठेवलं. पुण्यात सैन्याच्या हिशेब खात्यात त्यांनी नोकरी केली. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेनं महाराष्ट्राला कळलं की हा माणूस दुसऱ्या कोणासारखा गात नाही. ज्यांनी ‘घराणं कोणतं’ म्हणून नाकं मुरडली होती त्यांचा हिशेब इथं चुकला होता.

घराण्याचा धाक दाखवणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तुम्ही जी गायकी जपून ठेवायला सांगता, ती मुळात कोणाची? अल्लादिया खाँ (1855–1946) तरुणपणी गाऊन गाऊन आवाज गमावून बसले, आणि तो पूर्वीसारखा परत आला नाही. जो आवाज उरला, त्याला झेपेल आणि शोभेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. लयीची ती गुंतागुंत, स्वरांची ती वळणदार फिरत आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणून शिकवली जाते. म्हणजे एका माणसाचं स्वतःचं गाणं तिसऱ्या-चौथ्या पिढीत ‘परंपरा’ झालं, आणि आता तीच परंपरा दाखवून पोराला सांगायचं की तुझं गाणं नंतर. अल्लादिया खाँना हाच सल्ला मिळाला असता आणि त्यांनी तो मानला असता, तर आज जपायला काय उरलं असतं?

मग ‘आधी सगळं पाठ, मग स्वतःचं’ हा क्रम आला कुठून? माझ्या मते त्याचा मोठा भाग परीक्षेतून आला. 1901 साली पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराबाहेर, वर्गात आलं. भातखंड्यांनी खेडोपाडी, संस्थानांत फिरून, कोणाच्या नाकदुऱ्या काढून, कोणाचा अपमान गिळून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. या दोघांचे उपकार आपल्यासारख्या आडगावच्या लोकांवर सगळ्यात जास्त आहेत. ते नसते तर पांढुर्ण्याच्या मुलीच्या कानावर यमनची बंदिश पोचली नसती. पण वर्ग आला की अभ्यासक्रम येतो, अभ्यासक्रम आला की गुण येतात, आणि गुण द्यायला सोपं काय तर जे लिहून ठेवलंय ते जसंच्या तसं आलं की नाही ते पाहणं. म्हणून परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत आलाप छापले गेले, ताना छापल्या गेल्या, आठ मात्रांच्या, सोळा मात्रांच्या. पोरं त्या पाठ करतात. पाठ केलेली तान ही किती विचित्र गोष्ट आहे, हे सवयीमुळं आपल्याला आता जाणवतही नाही. तान सुचायला हवी म्हणून तिला गाण्यात जागा दिली, आणि आपण तीच वहीत उतरवून घेतो. गंमत अशी की ज्यांच्या पुस्तकांवर हात ठेवून ‘आहे तेवढंच गा’ म्हटलं जातं, ते भातखंडे स्वतः बंदिशी रचत होते, लक्षणगीतं रचत होते, त्यासाठी टोपणनावं घेत होते. संग्रह करणाऱ्याला रचना करायची बंदी त्यांनी स्वतःवरही घातली नव्हती.

पण या वादात सगळ्यात मोठा साक्षीदार आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशात, राहून गेला, आणि त्याची साक्ष थोडी सविस्तर ऐकावी लागेल.

शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, 1924 साली बेळगावजवळ सुळेभावीला जन्मले. लहानपणी त्यांचा लौकिक झाला तो नकलेवर. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ते जशाच्या तशा गाऊन दाखवत, हरकतींसकट, श्वासासकट. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या तोंडून अब्दुल करीम खाँ ऐकून सभाच्या सभा चकित व्हायच्या. आजच्या एखाद्या वाहिनीवर ते पोर पहिल्या आठवड्यातच जिंकलं असतं. नकलेत त्यांच्यापुढं जाणं कोणाला शक्य नव्हतं, म्हणून तर ते या वादात महत्त्वाचे. नकलेतून आपोआप स्वतःचा आवाज येत असता, तर तो त्यांना बाराव्या वर्षीच आला असता. तो आला नाही. मुंबईला देवधरांच्या शाळेत गेल्यावर त्यांचं खरं शिक्षण सुरू झालं. देवधर हे एका घराण्याचा हट्ट न धरणारे शिक्षक होते. वेगवेगळ्या गवयांना शाळेत बोलवायचे, शिष्यांना ऐकवायचे, चर्चा घडवायचे. एकच आवाज कानात भरून घेण्याऐवजी अनेक आवाज समोरासमोर ठेवून, हे असं का आणि ते तसं का, हे विचारायची सवय तिथं लागली.

1947 मध्ये क्षयानं गाठलं. 1948 च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी कुमार देवासला आले. एक फुप्फुस निकामी, डॉक्टरांचा हुकूम की गायचं नाही. ही गोष्ट मराठी माणसाला इतकी पाठ आहे की तिच्यातलं खरं काय ते नजरेआड झालंय. लोक म्हणतात, आजारानं श्वास तोकडा झाला आणि म्हणून त्यांची छोट्या छोट्या तुकड्यांची गायकी तयार झाली. मला हे कधी पटलं नाही. त्या काळात क्षय लाखोंना झाला. त्यातल्या कोणाला एक राग सुचला नाही. आजारानं एवढंच केलं की मैफली बंद पाडल्या, टाळ्या बंद पाडल्या, आणि नक्कल करून दाखवायला समोर कोणी ठेवलं नाही. त्या सक्तीच्या शांततेत खिडकीबाहेरून माळव्यातल्या बाया-बापड्यांची गाणी येत होती. भिक्षेकऱ्यांची, लग्नातली, पावसाळ्यातली. कुमारांनी ती ऐकली, लिहून घेतली, आणि त्यांच्या लक्षात आलं की तीन-चार स्वरांच्या या धुनांत रागाचं बीज आहे. त्यातून त्यांनी धून-उगम राग घडवले: मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी आणि आणखी कितीतरी. त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ 1965 साली मौजेनं काढलं. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीला बसले तेव्हा ऐकणाऱ्यांना हा वेगळाच गवई वाटला, आणि पुष्कळ जाणकार चिडलेही.

यात ‘नंतर’ कुठं आहे? कुमारांचं गाणं घडलं ते रचना करता करता. धून ऐकली, ती मोडून पाहिली, उलटी-सुलटी फिरवली, त्यातून एक मुखडा उरला, त्याला अंतरा जोडला, मग तो गाताना पुन्हा नवं काही सापडलं. उपज आणि बंदिश यांच्या येण्याजाण्यातून ते गाणं उभं राहिलं. आणि त्यांनी जुनं सोडलं असंही नाही. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असा कार्यक्रम त्यांनी केला. लहानपणी जे हुबेहूब गाता आलं असतं तेच पुन्हा हाती घेतलं, पण आता स्वतःला काय उमगलं तेवढंच मांडायला. नक्कल आणि वारसा यांच्यातलं अंतर दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथं हमखास एक उसासा येतो: ‘कुमार होते ते. आपण कुठे कुमार?’ नम्रतेच्या वेषातला हा आळस आहे. स्वतःचा आवाज असणं आणि थोर असणं या दोन गोष्टी आपण उगाच एकत्र बांधल्यात. आणि त्या वेगळ्या आहेत हे या मातीतल्या माणसाला तरी कोणी शिकवायला नको. तुकडोजी महाराज 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. शालेय शिक्षण प्राथमिकच्या पुढं गेलं नाही, आणि आज नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हातात खंजेरी, समोर झील धरणारी मंडळी, एवढ्यावर त्यांनी विदर्भ आणि सीमेपलीकडचा आपला पट्टा हलवला. 1942 मध्ये इंग्रजांना त्यांना तुरुंगात टाकावं लागलं, एवढं त्या भजनांत बळ होतं. त्यांची भजनं उघडून पाहा. डोक्यावर ‘तर्ज’ लिहिलेली असते: अमक्या गाण्याच्या चालीवर. चाल पुष्कळदा उसनी. शब्द त्यांचे, खंजेरीचा ठेका त्यांचा, आवाजाची फेक त्यांची, आणि कुठं थांबून लोकांकडे पाहायचं ते त्यांचं. उसन्या चालीवर स्वतःचं गाणं उभं राहतं, याचा पुरावा आपल्या प्रत्येक गावच्या भजनी मंडळाच्या पेटीत पडलेला आहे. चाल बनवायला येईपर्यंत तुकडोजी थांबले असते, तर आपल्याला काय मिळालं असतं?

पोळ्याचंही तसंच. पांढुर्ण्याचं नाव दरवर्षी पेपरात येतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहून गोटमार करतात म्हणून. विदर्भभर पोळ्यात तोरणाखाली बैल उभे असताना ज्या झडत्या म्हटल्या जातात त्यांची बातमी कधी होत नाही. साचा ठरलेला, शेवट ठरलेला, आणि मधल्या ओळी त्या वर्षाच्या: कापसाचा भाव, सावकार, नेत्याचं आश्वासन, गावातल्याच कोणाची फजिती. एकानं म्हटली की दुसऱ्याला सवाई जोडावी लागते, तिथल्या तिथं. शाळेत नापास झालेला माणूस तोरणाखाली उभा राहून लयीत, यमकात, लोकांना हसवत चार ओळी रचतो. त्याला कोणी विचारत नाही की तुझा छंदशास्त्राचा अभ्यास झाला का. या अशा गावचं पोरगं क्लासमध्ये गेलं की तिथं त्याला पहिली गोष्ट सांगितली जाते की अजून तुझी वेळ झालेली नाही. मला तर हा उलटा न्याय वाटतो.

याच संदर्भात आणखी एक रड ऐकू येते: आमचा कान सरमिसळ झालाय. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण भाषेचा पेच तसाच आहे. घरी मराठी भजन, शाळेत हिंदी प्रार्थना, बाजारात सिनेमाची गाणी, शेजारच्या गावात गोंडी ढोल. ‘आम्ही ना धड मराठी, ना धड हिंदी, आमच्यातून काय शैली निघणार?’ अहो, ज्यांच्या शैलीबद्दल आपण इतकं बोलतो ते कुमार गंधर्व कानडी घरात जन्मले, मराठी वातावरणात शिकले आणि माळवी धुनांतून फुलले. तुकडोजींनी मराठीतही लिहिलं आणि हिंदीतही. सरमिसळ कानाला दोन साचे एकाच वेळी ऐकू येतात. ज्याला एकच साचा ऐकू येतो त्याला निवड करावी लागत नाही, आणि आवाज घडतो तो निवड करण्यातून. या पट्ट्यातल्या पोराची ती पुंजी आहे. तिला खोट म्हणणं बंद करा.

दुसऱ्या टोकालाही काही मंडळी उभी आहेत, त्यांच्याशीही माझं जमत नाही. ते म्हणतात, शिकूच नका, मनातून येईल ते गा, शिक्षण आवाज मारतं. मनातून काय येतं ते पाहिलंय. चार मिनिटं सोडून द्या, गळा पूर्वी ऐकलेल्या त्याच त्या वळणांवर येऊन बसतो. बंधन नसलेली उपज ही बहुतेक वेळा सवयीची उजळणी असते. आणि नक्कल वाईट असं तर मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर 1937 च्या उन्हाळ्यात लेस्टर यंगच्या तबकड्या लावून त्याचे एकल तुकडे सुरासुरासकट घोटत बसला होता. पण त्या तुकड्यांतून त्यानं काय घेतलं ते महत्त्वाचं: यंग कुठं थांबतो, कुठं उशिरा येतो, सुरावट कशी वळवतो. ते तो त्याच दिवसांत स्वतःच्या वादनात वापरून पाहत होता. दोन-तीन वर्षांत त्याचं वाजवणं यंगसारखं राहिलं नव्हतं. नक्कल आणि प्रयोग एकाच वेळी चालू असतील तर नक्कल पोसते. नुसती नक्कल आठ वर्षं चालली तर गळा तिचाच होतो.

मग पोरानं करायचं काय, असं विचारणाऱ्याला मी हवेत उत्तर देणार नाही. भूपाचाच मुखडा घ्या, तीनतालात नवव्या मात्रेवरून उठणारा. मुखडा जसा शिकवला तसाच ठेवायचा, एक श्रुतीही इकडची तिकडं नाही. मधलं आवर्तन मात्र रिकामं सोडायचं आणि पोराला सांगायचं: सा, रे, ग, एवढ्या तीनच स्वरांत काहीतरी म्हण आणि मुखडा पकड. पहिल्या दोन फेऱ्या सोप्या जातात. मग ते अडतं, कारण तीन स्वरांत आधीच म्हटलेलं संपतं. इथंच शिक्षकाचा मोह आवरायला हवा. त्यानं तयार तान पुरवायची नाही. पोरगं अडून बसतं, मग गंधारावर जरा जास्त थांबतं, किंवा रिषभ उशिरा घेतं, किंवा बोल तोडून टाकतं, आणि अचानक समेवर असं येतं की सगळे मान डोलावतात. ते सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी तेच पोराला ऐकवा आणि विचारा, यातलं काय ठेवण्यासारखं आहे? बहुतेक फेकून देण्यासारखं असेल. एखादा तुकडा उरेल. त्या तुकड्याला शब्द लावायला सांगा, त्याच्या भाषेतले, संत्र्याच्या बागेवर असोत नाही तर आजीच्या ओरडण्यावर. आता त्याला ठरवावं लागेल की समेवर कोणता शब्द यायला हवा, कोणतं अक्षर ओढलं की अर्थ बिघडतो, श्वास कुठं घ्यायचा. उपजेत हे प्रश्न इतक्या वेगानं येतात की उत्तर हातात राहत नाही. रचना करताना त्या उत्तरांना सामोरं जावंच लागतं. चार ओळी झाल्या की पुन्हा त्यांच्यावर उपज. असं वर्षभर केलेल्या पोराची परीक्षेतली बंदिश बिघडत नाही, उलट सुधारते, कारण बंदिश रचणाऱ्यानं काय काय टाळलं असेल ते त्याला आता दिसू लागतं. सूर कच्चा राहील म्हणणाऱ्यांना एवढंच: तीन स्वरांत अडकलेलं पोर सुराकडे जितकं लक्ष देतं तितकं लक्ष पाठ केलेल्या तानेत कोणी देत नाही.

कॅराओकेविषयी एकच वाक्य पुरे. मागचा वाद्यमेळ ठरलेला, लय ठरलेली, सुरुवात आणि शेवट पडद्यावर लिहिलेला, त्यात गाणाऱ्याला फक्त न चुकण्याची मुभा आहे.

खरा प्रश्न बक्षिसांचा आहे. आपल्या भागात भजन स्पर्धा होतात, शाळांची स्नेहसंमेलनं होतात, गणपतीत गायन स्पर्धा होतात. परीक्षक गुण देतात ते सूर, ताल, पाठांतर, वेशभूषा आणि ‘मूळ चालीशी इमान’ यांना. मुलं जिथं गुण मिळतात तिथंच जातात, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून हे मागणं मुलांकडे नाही, आयोजकांकडे, परीक्षकांकडे आणि क्लास घेणाऱ्यांकडे आहे. येत्या मोसमात स्पर्धेत एक फेरी वाढवा. मंडळाला मंचावरच एक साधी चाल ऐकवा, पंधरा मिनिटं द्या, आणि त्या चालीवर स्वतःच्या दोन कडव्यांचं भजन सादर करायला सांगा. त्या फेरीला बाकीच्यांइतकेच गुण ठेवा. क्लासमध्ये शेवटची दहा मिनिटं वही बंद करून गायची, एवढा नियम करा. आणि एखादं पोर चुकत चुकत स्वतःचं गायला लागलं, तर ‘नंतर’ म्हणण्याआधी त्याला समेपर्यंत तरी जाऊ द्या.